'नोकरी' हा शब्द खोडा

एखाद्या संस्थेत मी पहिल्यांदा जाते तेव्हा मला कुणी मनापासून चहा देत नाही. चहा येतो, पण देणाऱ्याची नजर कपावर नसते, माझ्या पिशवीवर असते. ही बाई कुणाला काढायला आली आहे, कुणाच्या कामात खोट काढणार आहे, हिला वरून कुणी पाठवलं, एवढं सगळं त्या नजरेत असतं. पुढे पुढे मलाही तीच सवय लागली. समोरचा गोड बोलायला लागला की मी सावरून बसते.

प्रशिक्षण संस्थांना त्यांची दृष्टी, ध्येय आणि उद्दिष्टं ठरवायला मदत करणं, हे माझं काम. आधी सोलापुरातल्याच एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात होते, तिथून निवृत्त झाल्यावर हे सुरू केलं. माझ्या नणंदेला अजून वाटतं की दृष्टी म्हणजे मी डोळ्यांच्या दवाखान्याचं काहीतरी बघते. मी तिला समजावणं सोडून दिलं आहे, पण वाचकांना सांगते. आपण आपलं काम नीट करत राहिलो तर पुढे आजूबाजूचं चित्र कसं दिसावं, ही दृष्टी. त्यासाठी आपण कुणासाठी, काय करतो, हे ध्येय. आणि झालं की नाही हे तिऱ्हाईतालाही येऊन बघता येईल, ते उद्दिष्ट. यातलं पहिलं लिहायला सगळ्यांना आवडतं. तिसऱ्याला हात घातला की खुर्च्या वाजायला लागतात.

नातेपुत्याच्या एका संगणक वर्गाच्या मालकांना आपल्या दृष्टीत 'जागतिक दर्जा' हवाच होता. मी विचारलं, "तुमची मुलं शिकून कुठवर जातात?" ते जरा विचार करून म्हणाले, "अकलूजपर्यंत." मग आम्ही अकलूजमध्ये नोकरी देणारे लोक मुलांकडून काय मागतात ते विचारून आलो आणि तेवढंच लिहिलं. ते मालक अजून दिवाळीला फोन करतात. अशी गिऱ्हाइकं चांगली. त्रास देतात ती आधीच वाक्य तयार करून ठेवणारी, आणि हल्ली तर मोबाईलला विचारलं की दोन मिनिटांत गुळगुळीत वाक्य हातात येतं. असं वाक्य दिसलं की मला पहिला प्रश्न पडतो, याच्या मागे काय झाकलंय?

मागच्या उन्हाळ्यात मला गिरीश नावाच्या गृहस्थांचा फोन आला. ते रुग्णसहायक मुली तयार करणाऱ्या एका संस्थेचे नवे संचालक होते. रुग्णसहायक म्हणजे नर्स नव्हे. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, खुर्चीत बसवणं, ही कामं त्या करतात. ऐकायला सोपी वाटतात. पण कूस वेळेवर बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, आणि उचलताना हात चुकीच्या जागी धरला तर म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडतं.

संस्था अक्कलकोट रस्त्याला, एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये होती. वर पत्रा, खाली ओळीनं मांडलेल्या खाटा, मागच्या बाजूला मुलींचं वसतिगृह. ती उभी केली होती सुमतीताईंनी. ताई एका मोठ्या रुग्णालयातून मेट्रन, म्हणजे नर्सांच्या प्रमुख, म्हणून निवृत्त झालेल्या. पांढरीशुभ्र साडी, खणखणीत आवाज. खेडोपाडी फिरून, आईबापांशी भांडून त्या मुली आणायच्या. त्यांच्यासमोर मुलीच काय, मीही नकळत ताठ बसले. गिरीश मात्र पुण्याहून आलेले, माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीत काम केलेले. विश्वस्तांनी त्यांना वरून आणून बसवलं होतं. बोलणं मऊ, शर्टाला इस्त्री, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसू. मी सावरून बसले.

"मॅडम, तुमच्या पद्धतीनं सगळं करा," ते म्हणाले. "माझं एकच म्हणणं आहे. ध्येयात 'नोकरी' हा शब्द नको. आहे तो खोडा."

भिंतीवर जुनं ध्येय लावलेलं होतं: 'ग्रामीण मुलींना प्रशिक्षण देऊन नोकरी मिळवून देणे.' साधं, सरळ वाक्य. मी विचारलं, "का नको?"

"नंतर बोलू. आधी कार्यशाळा होऊ द्या."

जे नंतर बोलायचं असतं, तेच खरं बोलणं असतं, हा माझा अनुभव. जेवायच्या सुट्टीत कर्मचाऱ्यांतली कुजबुज कानावर आली. मुलींना कामावर पाठवायची जबाबदारी साहेब संस्थेकडून काढून घेणार आणि आपल्या पुण्याच्या जुन्या कंपनीला देणार. म्हणजे ताईंनी मुली घडवायच्या आणि ह्यांच्या लोकांनी त्या न्यायच्या. 'नोकरी' शब्द खोडायचं कारण हेच, असं मला पटलं. इतकं चपखल बसत होतं की पटू नये असं काही दिसेना.

कार्यशाळेत कुणी तोंड उघडलं नाही. ताई बसल्या होत्या तोवर सगळे ताईंकडे बघत, गिरीश आले की भिंतीकडे. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "ही संस्था उद्या बंद पडली तर कुणाचं काय अडेल?" ताई म्हणाल्या, "या मुलींची घरी बसल्या बसल्या लग्नं लागतील. अजून काय अडायला पाहिजे?" त्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. तो प्रश्न तिथेच संपला.

पुढची पायरी म्हणजे शिकून गेलेल्या मुलींना भेटणं. प्रशिक्षण देणाऱ्याचं काम चांगलं की वाईट, हे त्याच्या इमारतीत कधी कळत नाही. ते दुसऱ्याच्या घरात, शिकवणारा जवळ नसताना कळतं. ताईंनी मला चार-पाच नावं दिली. सगळ्या सोलापुरातच, चांगल्या घरांत. मी भेटले. मुली हसतमुख, घरची माणसं खूश. एवढं छान चाललेलं बघून माझा संशय आणखी वाढला. दाखवायला ठेवलेली फळं वरच्या थरात असतात. मी ताईंना म्हटलं, "काम सोडून घरी परतलेली एखादी मुलगी भेटेल का?"

"घाबरट असतात काही," ताई म्हणाल्या. "त्यांना भेटून काय मिळणार?"

खाटांच्या दालनात लक्ष्मी सिस्टर हात धूत होत्या. त्या मुलींना प्रत्यक्ष काम शिकवायच्या. घर विणकरांचं, मुलींवर रागावल्या की तेलुगूत बोलायच्या. मी शेजारी उभी राहिले तेव्हा त्यांनी नळ बंद केला नाही, उलट जरा मोठा सोडला. त्या आवाजात म्हणाल्या, "मंगळवेढ्याकडच्या सारिकाला भेटा, मॅडम. मी सांगितलं असं म्हणू नका."

सारिकाचं घर मंगळवेढ्यापासून पुढे, रस्ता सोडून आत. एसटीतून उतरून बरंच चालले. काढणी झालेली ज्वारीची रानं, आणि घरासमोर काटेरी कुंपणात मेंढ्या. तिचे वडील बिराप्पा कुंपणाशी उभे होते. मी संस्थेचं नाव काढलं आणि त्यांनी हातातली काठी आडवी धरली. मारायला नाही, पण मला आत जाता येणार नाही अशी.

"परत पोरी न्यायला आलाय व्हय?"

"नाही हो दादा. फक्त दोन शब्द बोलायचंय."

"मागं बी असंच दोन शब्द बोलल्या. लई ग्वाड बोलल्या. तुमी कोन? सरकारी हाय का त्येंच्यातल्या?"

"कुणाचीच नाही. संस्थेचं काम बघायला मला बोलावलंय."

"कुनाची न्हाय आनि बोलावलंय," ते म्हणाले. "म्हंजी त्येंचीच की."

मी बाहेरच दगडावर बसले. ऊन उतरेपर्यंत बसले. मध्ये सारिकाची आई तांब्या ठेवून गेली. शेवटी सारिकाच बाहेर आली. अंगानं बारीक, डोळे खाली.

"काय विचारायचंय?" ती म्हणाली.

"काम का सोडलंस?"

वडील काठी टेकून आमच्या मधोमध उभे होते. ती त्यांच्याकडे बघून, अडखळत बोलली. पुण्यात एका फ्लॅटमध्ये तिला पाठवलं होतं. लकवा झालेले आजोबा. अंघोळीनंतर त्यांना खाटेवरून खुर्चीत बसवताना ते तिच्या हातातून निसटले. खुब्याचं हाड मोडलं. घरच्या लोकांनी तिचा मोबाईल काढून घेतला, मुद्दाम पाडलं म्हणाले, पोलिसांचं नाव घेतलं. दवाखान्याच्या गडबडीत ते सगळे गेले आणि ती अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली, विचारत विचारत स्टँडवर पोचली. तिथं एका बाईनं तिकीट काढून दिलं.

"गावात काय काय बोलत्यात," बिराप्पा म्हणाले. "पोरगी पुन्याहून बिनपिशवीची आली. कुनाला सांगायचं, काय झालं म्हनून? आन् सांगितलं तर इस्वास कोन ठेवतंय?"

मी सारिकाला विचारलं, "माणसाला उचलून खुर्चीत कसं बसवायचं, हे शिकवलं नव्हतं का?"

"ते शेवटी शेवटी शिकवत्यात. त्याच्या आधीच मला पाठवलं."

"कुणी? नव्या साहेबांनी?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "न्हाय. साहेब तवा आलेच न्हवते. ताईंनी."

परतीच्या गाडीत मी खिडकीतून बाहेर बघत होते. ज्या माणसावर माझा सगळा संशय होता, तो तेव्हा संस्थेत नव्हताच. आणि जिच्यासमोर मी ताठ बसले होते, तिनं ही मुलगी अर्धवट शिकवून परक्या घरात सोडली होती. आता कुणावर विश्वास ठेवावा ते मला कळेना. त्या लक्ष्मी सिस्टरांनी तरी मला तिकडे का पाठवलं, याचाही मी संशय घेतला.

दुसऱ्या दिवशी मी सरळ गिरीशांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. "सारिकाचं तुम्हाला माहीत होतं."

ते हसले नाहीत. त्यांना न हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "मी इथं रुजू झालो आणि पहिल्याच आठवड्यात त्या कुटुंबाचा फोन आला. मी पुण्याला जाऊन आलो, आजोबांना भेटलो. मग इथल्या मुलींना विचारलं. बऱ्याच जणींना अभ्यासक्रम संपण्याआधी पाठवलंय. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, तुम्ही खुर्चीवरची माणसं, तुम्हाला खाटेवरचं काय कळणार."

"मग मला का बोलावलंत? विश्वस्तांना सांगायचं."

"विश्वस्त ताईंना देव मानतात. मी पुण्याहून आलेला, माणसं पुरवणाऱ्या कंपनीतला. माझ्या तोंडून हे कुणी ऐकलं असतं? तुम्ही शोधून काढाल असं वाटलं."

म्हणजे मला न सांगता माझा वापर केला होता. रागही आला आणि त्यांच्या हिशेबाचं कौतुकही वाटलं. "आणि 'नोकरी' हा शब्द?"

"तो शब्द भिंतीवर आहे तोवर नोकरी लागली की आपलं काम संपतं. मुलगी शिकली का, ती सुखरूप आहे का, हे कुणी विचारत नाही."

बोलणं पटण्यासारखं होतं. तरी मी विचारलंच, "तुमच्या जुन्या कंपनीचं काय?"

"ते तुम्हाला कुणी सांगितलं?" एवढं म्हणून त्यांनी फाईल उघडली. हो की नाही, हे आजवर मला कळलेलं नाही.

ताईंशी बोलणं अवघड होतं. मी त्यांच्या घरी गेले. सारिकाचं नाव घेतलं तेव्हा त्या सुपात शेंगा निवडत होत्या, त्यांचा हात थांबला नाही.

"अपघात होतात," त्या म्हणाल्या. "तीस-तीस वर्षं काम केलेल्या नर्सच्या हातूनही माणूस पडतो."

"तिला शिकवलंच नव्हतं, ताई."

"मग काय करायचं होतं मी?" आता हात थांबला. "तुम्ही त्या घरांतून मुली बाहेर काढून बघा. पहिले दोन महिने आईबाप थांबतात. मग मामा येतो, स्थळ आणतो. गाडी दारात उभी राहते, मुलगी रडत बसते. मी किती मुली अशा परत जाताना बघितल्यात! मग ठरवलं, न्यायला येण्याआधीच पोरगी कामावर पाठवायची. एकदा हातात काम आलं की बाप गप्प बसतो. मी काय माझ्यासाठी पाठवल्या? मी पोरी विकते असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही. पण सारिका सुटली कुठं? घरीच आहे. आता तर तिला कुणी बाहेरही पाठवत नाही."

ताईंनी विचारलं, "ती काय म्हणाली माझ्याविषयी?"

"काही वाईट नाही. फक्त म्हणाली, ताईंनी पाठवलं."

ताईंनी सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं डोळे नाही, चष्मा पुसला. "मला तिच्याकडे घेऊन चला," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी गेलो. या वेळी बिराप्पांनी काठी आडवी धरली नाही, पण पाठ फिरवली. ताई दारातूनच बोलल्या. "सारिका, चूक तुझी नाही. मी घाई केली. उचलायचं शिकवलं नव्हतं तर तुला पाठवायला नको होतं."

सारिका उंबऱ्याला धरून उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "ते आजोबा हायती का?"

ताईंना ते माहीत नव्हतं. गिरीशांकडून ऐकलेलं मी सांगितलं, की ऑपरेशन झालं, ते आहेत, आधारानं बसतात. ती मटकन खाली बसली आणि तोंडाला ओढणी लावून रडली. इतके महिने एक माणूस आपल्या हातून गेला असं धरून ती त्या घरात जगत होती, आणि कुणी येऊन तिला सांगितलं नव्हतं. तिचे वडीलही ते ऐकून वळले.

"तू परत ये, राहिलेलं शिकून घे," ताई म्हणाल्या.

"ती कुटं बी जानार न्हाय," बिराप्पा म्हणाले. "तुमी आला, बोलला, बरं वाटलं. पन आता जावा."

त्यानंतर कार्यशाळा पुन्हा भरली. आता लोक बोलले. सगळ्यांत आधी ताईच बोलल्या म्हणून इतरांना धीर आला. लक्ष्मी सिस्टर तर थांबेचनात. कुठली कामं आल्याशिवाय मुलगी बाहेर जाता कामा नये, हे त्यांनी बोटांवर सांगितलं. दृष्टीबद्दल फार वाद झाला नाही: घरातल्या आजाऱ्याची सेवा करणारी मुलगी तिथं जाणती आणि सुरक्षित असावी. ध्येयातून नोकरी खोडली आणि शिकवणं वर आणलं. उद्दिष्टं मात्र बोचरी होती. लक्ष्मी सिस्टरांनी स्वतः बघून होकार दिल्याशिवाय कुणी पाठवायची नाही, ताई म्हणाल्या तरी नाही. मुलगी जायच्या आधी संस्थेच्या माणसानं ते घर बघून यायचं. गेल्यावर दर आठवड्याला तिच्याशी, तिच्या एकटीशी, बोलायचं. गिरीशांनी शेवटचं वाक्य घातलं: मुलीनं परत यायचं म्हटलं तर त्याच दिवशी आणायचं. ताईंनी विचारलं, "आणि मामा गाडी घेऊन आला तर?" त्याला कुणाकडे उद्दिष्ट नव्हतं. ते कोडं अजून तसंच आहे. त्या वर्षी दोन मुली घरच्यांनी अर्ध्यातून लग्नासाठी नेल्या.

नवी तुकडी सुरू व्हायची त्या दिवशी आईबापांना बोलावलं होतं. मलाही निरोप होता. शेडमध्ये खाटा बाजूला सारून सतरंज्या टाकल्या होत्या. पत्रा तापलेला, पंखे नुसतेच फिरत होते. ताई उठल्या. मला वाटलं, भिंतीवरचं नवं ध्येय वाचतील. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"आजवर मी काही मुलींना पुरतं न शिकवता कामावर पाठवलं," त्या म्हणाल्या. "त्यांचं नुकसान झालं. इथून पुढे तसं होणार नाही. पण वेळ लागेल. मध्येच मुलगी न्यायची असेल त्यांनी आत्ताच न्यावी."

सभा गार पडली. गिरीशांनी माझ्याकडे बघितलं, हे बोलायचं ठरलं नव्हतं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मागच्या एका कुटुंबानं आपसात बोलून मुलीला उठवलं आणि ते निघाले. पाठोपाठ आणखी एक. मग दाराजवळून आवाज आला.

"आता तरी कशावरनं इस्वास ठेवायचा?"

बिराप्पा होते. ते सतरंजीवर बसले नव्हते, दारातच उभे होते. खांद्याला पिशवी. त्यांच्या मागे सारिका. ती येईल असं आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. नंतर तिच्याकडून कळलं, की तिनं घरी रोज एकच धोशा लावला होता, उचलायचं शिकून येते, मग तुमी म्हनाल ते.

मला वाटलं, आता त्या संस्थेची वर्षं सांगतील, शपथ घेतील, निदान हात जोडतील.

"ठेवू नका," ताई म्हणाल्या. "येऊन बघत जा."

"कवाबी?"

"कधीही. आधी कळवू नका."

बिराप्पांनी सगळीकडे नजर फिरवली, पत्र्याकडे, खाटांकडे, गिरीशांकडे जरा जास्तच वेळ. पिशवी खांद्यावरून उतरवली, पण खाली ठेवली नाही.

"पोरी झोपत्यात ती खोली आदी दावा," ते म्हणाले. "आन् आतली कडी."

ताई उठून त्यांच्या पुढे चालायला लागल्या.